ऑफिसच्या बँडमध्ये गिटारवरून बेसवर बदली झाली आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा

मुलुंडकर_पूर्व

नमस्कार मंडळी,

फोर्टातल्या आमच्या ऑफिसात (विमा क्षेत्र, याहून जास्त सांगत नाही) एक हौशी बँड आहे. दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि तबला दोन्ही सांभाळणारा एक गुणी माणूस, आणि गिटारवर मी. वार्षिक दिन, कुणाची निवृत्ती, कुणाच्या सोसायटीचा गणपती, एवढंच आमचं कार्यक्षेत्र. गाणी सत्तर-ऐंशीच्या दशकातली हिंदी, अधूनमधून मराठी भावगीतं आणि शेवटी एक लावणी, कारण तिच्याशिवाय लोक आम्हाला जेवायला सोडत नाहीत.

मध्यंतरी अकाउंट्समध्ये एक नवा मुलगा आला. वय चोवीस. त्याची गिटार ऐकल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखतो. बदलीची ऑर्डर निघायच्या आधी साहेब असेच बघतात. "तू बेस (खालच्या सुरांची गिटार) घे ना, चारच तर तारा असतात," असं मला प्रेमानं सांगण्यात आलं. गायकाच्या मेहुण्याचा माळ्यावर पडलेला जुना बेसही दुसऱ्या दिवशी हजर. म्हणजे ठरलेलंच होतं.

आता परिस्थिती अशी. तारा इतक्या जाड की बोटांची सालं निघाली. घरी माझ्या जुन्या गिटार ॲम्पला लावला तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांच्या काचेच्या कपाटातले कप वाजतात म्हणे. ढोलकी सुरू झाली की मी काय वाजवतो ते माझं मलाच ऐकू येत नाही. गायिका काळी चारमध्ये (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या हिशोबानं) गाते, एक गायक पांढरी दोनमध्ये, आणि दुसऱ्याची पट्टी त्या दिवशी घसा कसा आहे त्यावर ठरते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रॅक्टिस झाल्यावर "आज बेस छान झाला" असं एकही माणूस म्हणत नाही. वाईट झाला असंही म्हणत नाहीत.

गणपतीत एका सोसायटीत कार्यक्रम आहे. तोपर्यंत हे जमण्यासारखं आहे का, की शांतपणे टाळ्या वाजवणाऱ्यांत जाऊन बसावं? ॲम्प कोणता घ्यावा? आणि मुळात वाजवायचं काय असतं?

---

तिरकस_बाण

अभिनंदन. बँडमध्ये राहून बँडमध्ये नसल्याचं सुख आता तुम्हाला मिळेल. चुकलात तर कुणाला कळत नाही. फोटोत मात्र फार भारदस्त दिसतं.

---

ठाकुरद्वार_नाका

बाणराव, तुमचं अर्धंच खरं. बेस चुकला की बेस चुकला हे श्रोत्यांना कळत नाही, गायक बेसूर झाला असं त्यांना वाटतं. म्हणून तर गायक पहिल्यांदा मागे वळून बेसवाल्याकडे डोळे वटारतो.

मुलुंडकर, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. संध्याकाळी घरी येऊन डबा ठेवला की बेस उचलायचा, असं नोकरीभर चाललं. गिरगाव, परळ, लालबाग, पुढे पुढे बोरिवली-डोंबिवली. मंडप दिसला की आम्ही. पोटासाठी कधी वाजवला नाही, त्यामुळे स्टुडिओतल्या आतल्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. पंचमकडे, म्हणजे आर. डी. बर्मनकडे, बेसवर टोनी वाझ असायचे, चरणजित सिंग बेस आणि ट्रान्सिकॉर्ड (इलेक्ट्रॉनिक अ‍ॅकॉर्डियन) दोन्ही वाजवायचे, ही नावं आम्ही आदरानं घ्यायचो आणि त्यांचं काम ऐकून ऐकून उतरवायचो. रेडिओवर बेस नीट ऐकू यायचा नाही. मग एका मित्राच्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर गाणं उतरवून ते दुप्पट वेगानं लावायचो. बाई मुंगीसारखी गाते, पण बेस अख्खं एक सप्तक वर येतो आणि त्याचा सूर न् सूर मोजता येतो. तुम्ही हेच आता मोबाइलवर करा. सूर वर-खाली करणारी फुकट ॲप मिळतात. गाणं एक सप्तक वर चढवा आणि खालून काय चाललंय ते लिहून काढा. इंटरनेटवरचे तयार कागद शोधत बसू नका, जुन्या हिंदी गाण्यांचे बहुतेक चुकीचे असतात.

आता तारा. जाड तारेपासून सुरुवात केली तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. तुमच्या गिटारच्या जाड चार तारा तशाच्या तशा, फक्त एक सप्तक खाली. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमात लावलेली. गिटारवर (बारीक तारेकडून मोजून) दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये जो खोडा आहे तो इथे नाही. म्हणून बोटांचा एक आकार बसला की तो हवा तिथे सरकवता येतो. तुमच्या बाई काळी चारमध्ये गातात ना? जाड तारेचा चौथा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) म्हणजे त्यांचा सा. शेजारच्या तारेवर तोच चौथा फ्रेट म्हणजे मध्यम, आणि तिथून दोन फ्रेट पुढे, सहाव्यावर, पंचम. तुमच्या गायकबुवांची पांढरी दोन म्हणजे दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट. ऐनवेळी त्यांनी घसा खाकरून "काळी एक द्या" म्हटलं तर सगळा हात एक फ्रेट मागे घ्या, बाकी काही बदलत नाही. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण शोधतोय तोवर तुम्ही तयार. यात एकच अट आहे, मोकळ्या तारेची सवय लावून घेऊ नका. बोटं सरकतात, मोकळी तार जागेवरच राहते.

वाजवायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. गिटारवरून आलेला माणूस जागा दिसली की भरतो. तुम्हीही भरत असणार, कारण ढोलकीत तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही असं तुम्ही लिहिलंय. ढोलकीची घुमणारी बाजू, तबल्याचा डग्गा आणि तुमचा बेस हे तिघं आवाजाच्या एकाच पट्ट्यात राहतात. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून सूर चढवतो, त्या वेळी तुमची नोट खाली लांबत पडली असेल तर त्याचाही गोडवा गेला आणि तुमचाही. तुम्ही आवाज वाढवता, तो जोरात मारतो, साउंडवाला दोघांना खाली ओढतो. त्यापेक्षा नोट तोडायला शिका. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसतं सैल सोडायचं, तार जागीच मुकी होते. नोट लावायची कधी हे जो तो शिकवतो. ती बंद कधी करायची हे मी लालबागच्या एका ढोलकीवाल्याकडून शिकलो. तो मला दर गाण्यात "ए, हात काढ!" म्हणून ओरडायचा. गाणं चालू असताना, माइकसमोर.

दादरा घ्या. धा धी ना, धा ती ना. समेवर सा, चौथ्या मात्रेवर पंचम, आणि मधल्या मात्रांत हात मुका. सुरुवातीला एवढंच. केहरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर वाजवा, आणि कॉर्ड (एकदम वाजणारा सुरांचा गट) बदलणार असेल तरच सातव्या-आठव्यावर पुढच्या सुराकडे नेणारी एक पायरी टाका. कॉर्ड बदलत नसेल तर पायरी टाकू नका, श्रोत्याला उगीच काहीतरी येणार असं वाटतं. भावगीतात याहून कमी. तिथे गायक शब्दावर रेंगाळतो, त्याच्यासाठी थांबायचं असतं. लावणीत तर ढोलकीच राणी, तुम्ही समेवर हजेरी लावा आणि बाजूला व्हा. ऑक्टोपॅडवाल्याला किक (मोठ्या ड्रमचा खालचा ठोका) कुठल्या पॅडवर आहे ते विचारून घ्या, त्याच्या त्या बाजूला उभे राहा आणि त्याच्या काठीकडे बघत वाजवा. कानानं ऐकून वाजवायला गेलात तर प्रत्येक वेळी केसभर उशीर होतो.

आणि कीबोर्डवाल्याशी गोडीगुलाबीनं बोला. इतके दिवस बेस नव्हता म्हणून तो डाव्या हातानं खर्ज भरत असणार. आता त्यानं तो हात एक सप्तक वर न्यायला हवा. तो ऐकणार नाही. मग एकदा त्याला पांढरी एकचा मेजर धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही खाली पांढरी सहा लावा. त्याचा मेजर तिथल्या तिथे मायनर ऐकू येईल. खालचा सूर ज्याच्या हातात, कॉर्डचं नाव तोच ठरवतो, हे त्याला एकदा कळलं की पुढे तो तुम्हाला विचारून हात टाकतो. निदान आमचा तरी टाकायचा.

काकूंबद्दल: ॲम्प जमिनीवर ठेवलात तर स्लॅबच वाजतो. घरी ॲम्प लावूच नका. बेसचा हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवा, कपाट बोलायला लागतं आणि ते खोलीपुरतंच राहतं. आमच्या चाळीतल्या खोलीत माझा सगळा रियाज आईच्या कपाटावर झाला.

---

चौथी_सीट

काका, कपाटाची आयडिया आजच करून बघितली. भारी आहे! आमच्याकडे सगळं प्लायवूड, तरी वाजलं.

मुलुंडकर, मी कॉलेजपासून बेस वाजवते. मूड इंडिगो या आयआयटी मुंबईच्या महोत्सवातल्या लाइव्हवायर बँडस्पर्धेत आमचा बँड पहिल्याच फेरीत घरी आला होता, पण अजून आम्ही चौघं रविवारी ठाण्यात तासावर जॅमरूम (बँडच्या सरावाची खोली) घेऊन वाजवतो. काकांनी वाजवण्याचं सगळं सांगितलंय, मी सामानाचं सांगते.

गिटार ॲम्पवर बेस मोठ्या आवाजात लावू नका, त्याचा स्पीकर त्यासाठी नसतो, फाटू शकतो. हळू आवाजात चालतं. ड्रम्सबरोबर वाजवायचं तर बेसला गिटारपेक्षा कितीतरी जास्त वॉट लागतात, शंभराच्या खाली विचारच करू नका. पण तुम्हाला ॲम्प विकत घ्यायची गरजच नाही असं मला वाटतं. घरी हेडफोनचा छोटा ॲम्प (थेट जॅकमध्ये खोचायचा, माचिसएवढा), जॅमरूममध्ये तिथला, आणि कार्यक्रमात डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) सरळ मिक्सरला. कीबोर्डचा ॲम्प असेल तर तोही चालतो, त्याला खालचे सूर झेपतात.

जॅमरूमबद्दल एक गंमत. मुंबईत बहुतेक खोल्या दहा बाय दहाच्या आसपास असतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दहा फुटांच्या दोन भिंतींत जी अर्धी लाट बरोबर बसते ती ५६ हर्ट्झच्या जवळची. आणि तुमची मोकळी दुसरी तार, पांढरी सहा, ५५ हर्ट्झ! म्हणजे तो एक सूर भसकन फुगतो, बाकीचे बरे असतात. खोली चौरस असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून त्याच सुराला धरतात. आम्ही बरेच दिवस बेसमध्येच दोष आहे असं समजून दुकानवाल्याचं डोकं खात होतो. त्यावर उपाय म्हणजे ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, खुर्चीवर ठेवा, ॲम्पवरचा लो (खालच्या सुरांचं बटण) थोडा कमी करा. खोलीच्या बरोबर मधे उभे राहिलात तर तोच सूर गायब होतो, त्यामुळे तिथे उभं राहून आवाज ठरवू नका. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावलेली खोली असेल तर त्या ट्रेंना बेसशी काही देणंघेणं नाही. जाड तारेची लाट आठ मीटरहून लांब असते, ती पुठ्ठ्याला कशाला विचारते.

बोटांसाठी: बेस ३४ इंची असेल (१९५१ साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हापासून हेच माप रूढ आहे) आणि हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल मिळतो. पण सालं निघणं नेहमीचंच आहे, ते थांबतं. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर मात्र सेटअप (मान आणि तारांची उंची जुळवणं) करून घ्या, माळ्यावरच्या बेसची मान वाकलेली असणारच. ट्रस रॉड (मानेतली सळई) स्वतः फिरवायचा असेल तर एका वेळी पाव फेरा, मग थांबा, मग बघा.

आणि लोकल. चढायच्या आधी बेस पाठीवरून उतरवून हातात उभा धरा. पाठीवर राहिला तर हेडस्टॉक डोक्याच्या वर जातो आणि दारात आपटून ट्यूनिंगची खुंटी वाकते. वरच्या फळीवर ठेवू नका, ठाण्यानंतर कुणीतरी त्यावर डब्याची पिशवी ठेवतंच.

एका गोष्टीत काकांशी मतभेद आहे. गायक पांढरी दोन किंवा काळी एकमध्ये गात असतील तर पाच तारांचा बेस बघा. चार तारांवर त्यांचा खालचा सा मिळतच नाही, पांढरी तीनच्या खाली काही नाही. पाचवी तार पांढरी सातपर्यंत खाली जाते.

---

डावा_हात

कीबोर्डवाला बोलतोय. ठाकुरद्वारकाका, आमच्या डाव्या हाताला उगाच नावं ठेवलीत. महाराष्ट्रातले किती ऑर्केस्ट्रे डाव्या हाताच्या बेसवर चालले ते तुम्हीच मोजा. एक माणूस कमी, एक मानधन कमी, टेम्पोत एक जागा जास्त. आणि कीबोर्डचा बेस कधी उतरत नाही, त्याला ट्यूनिंग नाही, पावसाळ्यात मान वाकत नाही. मुलुंडकरांना बँडमध्ये ठेवायचंच आहे म्हणून हे सगळं चाललंय असं माझं प्रांजळ मत.

---

ठाकुरद्वार_नाका

डावा_हात, मानधनाचं तुमचं बरोबर. टेम्पोचंही बरोबर. पण उजव्या हातानं पीस वाजवताना तुमचा डावा हात समेवर येतो का, हे रेकॉर्डिंग करून ऐका. अवघड पीस आला की बहुतेकांचा डावा हात आधी गप्प होतो. ऐन मुखड्यावर परत यायच्या जागी खाली मोकळं पडतं, आणि गायक नेमका तिथेच आधार शोधत असतो. दोन्ही हात स्वतंत्र चालणारे कीबोर्डवाले मी पाहिलेत, त्यांच्याबरोबर मी आनंदानं घरी बसेन. असे फार नाहीत.

चौथी_सीट, ताई, खोलीचं गणित फार आवडलं. आमच्या गिरगावातल्या तालमीच्या जागेत एक सूर असाच अंगावर यायचा आणि आम्ही तिथे भूत आहे म्हणायचो. पाच तारांचं मात्र मला पटत नाही. तुमचं तिशीतलं हर्ट्झ सोसायटीच्या गणपतीत येणाऱ्या दोन पेट्यांतून बाहेर पडत नाही, ॲम्प नुसता गरम होतो. चार तारांचा खालचा सूर तरी कुठे पुरता निघतो! श्रोत्याला वरचे सूर ऐकू येतात आणि खालचा त्याचा कान स्वतः भरून घेतो. मोबाइलच्या स्पीकरवर बेस कळतो तो तसाच. बुवांचा सा दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तो पुरे. मोठ्या सिस्टिमवर वाजवणार असाल तर तुमचं खरं.

---

तिरकस_बाण

एवढं गणित येत असतं तर मी विमा कंपनीत लागलो असतो.

---

मुलुंडकर_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. कपाट, दादरा, एक सप्तक वर चढवणं, सगळं सुरू केलंय. काकांनी सांगितल्याप्रमाणे काल प्रॅक्टिसला निम्म्याहून कमी वाजवलं. ढोलकीवाला मधेच थांबून म्हणाला, "आज काय झालं, बरं वाटतंय." तो माझ्याबद्दल म्हणाला असं मी धरून चाललोय.

आमच्या बँडमधल्या कीबोर्डवाल्याला मेजर-मायनरचा प्रयोग दाखवला. त्यानं कीबोर्ड बिघडलाय का म्हणून बंद करून परत चालू केला.

पाच तारांचा बेस सध्या नाही, बायकोला चार तारांचाच हिशोब अजून दिलेला नाही. सोसायटीवाल्यांनी सांगितलंय की साउंड त्यांचाच माणूस लावणार. प्रत्यक्ष कार्यक्रमात काय काळजी घ्यायची? आणि या जुन्या बेसच्या तारा काळ्या पडल्यात, थोडा गंजही दिसतो. बदलायच्या का? एका जॅमरूमवाल्यानं सांगितलं की बेसच्या तारा कधी बदलायच्या नसतात, मोठमोठे लोक बदलत नसत.

---

ठाकुरद्वार_नाका

मंडपाचं सांगतो. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स असेल असं समजू नका, स्वतःचा एक घेऊन ठेवा. साधा बिनबॅटरीचा, पॅसिव्ह, चालेल. बेसमधून येणारा सिग्नल कमजोर असतो, लांब केबलमधून मिक्सरपर्यंत नेला तर वाटेत झिजतो आणि घुणघुण गोळा करतो. डीआय बॉक्स तुमच्या पायाशी ठेवायचा, बेसपासून तिथपर्यंत छोटी केबल, पुढची लांब केबल साउंडवाल्याची. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. हम आला तर आधी ते दाबून बघा, दहातल्या सहा वेळा तिथेच मिटतं. तारांना हात लावला की हम कमी होतो आणि सोडला की वाढतो, असं असेल तर घाबरू नका, बेस तसाच असतो. पण माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा आणि मांडववाल्याचा इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग बघेपर्यंत बेसला हात लावू नका. यात भिडस्तपणा करायचा नाही, अध्यक्ष समोर बसलेले असले तरी.

केबल स्वतः करा. लॅमिंग्टन रोडला जाऊन चांगली शील्ड असलेली वायर आणि दोन मोनो जॅक घ्या, दुकानात पी-३८ म्हणा, लगेच देतात. आतला खटका धातूचा आहे का बघा, प्लास्टिकचा सोल्डर करतानाच वितळतो. मला सोल्डरिंग खात्यानं शिकवलं, तुम्हाला कुणीही कॉलेजचा पोरगा करून देईल. दोन केबल करा. एक नेहमी बॅगेत.

वेळेचं लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा दिवस त्या सवलतीत आहे का ते सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच विचारा. नसेल तर कार्यक्रम आठला जाहीर होतो, आरती लांबते, मग दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, मग देणगीदार, आणि तुमच्या हातात स्टेज येतं सव्वानऊला. लावणी शेवटी ठेवलीत तर ती राहते आणि लोक चिडतात. चौथ्या-पाचव्या नंबरला घ्या. या शहरात मोठ्यामोठ्यांचं घड्याळानं आणि शांतता क्षेत्रानं काही चालू दिलं नाही. धोबी तलावच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा, आसपास कॉलेज आणि हॉस्पिटलं, शेवटी तिथले कार्यक्रम बंद पडले. ऑफिस सुटल्यावर मी तिथे मागे उभा राहून बेसवाल्यांची बोटं बघायचो. गाणी मला काही कळायची नाहीत, बोटं कळायची.

स्टेजवर मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) मागा. मिळाला नाही तर ऑक्टोपॅडवाल्याच्या मॉनिटरजवळ उभे राहा. साउंडवाला सुरुवातीला तुमचा आवाज कमीच ठेवतो, ती त्यांची सवय असते. त्याच्याशी भांडू नका, पहिलं गाणं झाल्यावर चहा पाठवा.

आता तारा. जॅमरूमवाल्यानं ऐकलंय ते मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बेसवाल्या जेम्स जेमर्सनबद्दल. तो उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा आणि तारा सहसा बदलत नसे, हे खरं. पण त्याच्या तारा फ्लॅटवाउंड होत्या, वरून गुळगुळीत, जुन्या झाल्या की आणखी गोल आवाज देणाऱ्या. तुमच्या बेसवर बहुतेक राउंडवाउंड असतील, नख फिरवलं की खरखर करणाऱ्या. त्या खाचांत घाम आणि आपल्याकडची दमट हवा बसते, गंज धरतो आणि तो तुमचे फ्रेटही खातो आणि बोटंही. तुमच्या सालांचं निम्मं कारण तेच असणार. बदलाच. तारा उकळून परत लावायचा एक जुना उपाय आहे, काळ्या पडलेल्यांना थोडे दिवस उजळवतो, गंजलेल्यांना नाही.

तुमच्या गाण्यांना फ्लॅटवाउंड शोभतील. सत्तरीतल्या रेकॉर्डिंगमधला जो बुटका, गोल आवाज आहे त्याच्या जवळ जाल, आणि ढोलकीच्या मधे येणार नाही. राउंडवाउंडपेक्षा महाग पडतात, पण वर्षानुवर्षं राहतात. चौथी_सीट ताईंच्या संगीताला नाही चालणार, त्यांना तो झणझणीतपणा हवा असतो.

---

चौथी_सीट

काका, मी पण एका बेसवर फ्लॅटच लावलेत. जास्त जड संगीत आता कुणी वाजवत नाही आमच्यात, सगळे ईएमआयवाले झालेत. 🙂

मुलुंडकर, पावसाळाभर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याच. आणि तारा बदलताना चारही एकदम सोडू नका, एकेक काढा आणि लावा. मानेवरचा ताण एकदम गेला की जुन्या बेसचं सेटिंग हलतं.

---

मुलुंडकर_पूर्व

शनिवारी धोबी तलावला जाऊन तारा घेतो. दुकानात नक्की काय मागू?

---

ठाकुरद्वार_नाका

फ्लॅटवाउंड, चार तारांचा सेट, लाँग स्केल, जाडी ४५ ते १०५. "बेसच्या" हे आधी सांगा, नाहीतर पोरगा गिटारचा सेट काढून बिल करतो. मेट्रो सिनेमाच्या बाजूनं चालत या, त्या भागात फुर्टाडोस आहे, १८६५ पासूनचं. गर्दीच्या आधी, दुकान उघडता उघडता जा म्हणजे तारा हातात घेऊन बघायला देतात. बेसही बरोबर न्या. फ्लॅटवाउंड जरा जास्त ताणाच्या असतात, लावल्यावर मान पुढे ओढली जाईल. तिथेच सेटअप होत असेल तर पैसे देऊन करून घ्या, घरी स्क्रू फिरवत बसू नका.